कोरडं राहिलेलं पान

मी एक जुनी पुस्तिका आहे. पुस्तिका म्हणजे लहानसं पुस्तक, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. आता मला उचलायला दोन हात लागतात, आणि कपाटातून काढणारा माणूस आधी एक उसासा टाकतो. तरी माझं नाव पुस्तिकाच. एखाद्या घरात साठी ओलांडलेल्या बाईलाही सगळे 'बेबी'च म्हणत राहतात ना, त्यातलाच हा प्रकार. मित्रांनो, माझी सुरुवातीची पानं फुगलेली आहेत, त्यांच्या कडांना लाटा आल्या आहेत. ते पाणी माझ्यावर कसं सांडलं, ते मला सांगायचं आहे. पण आधी मी अंगाने बारीक होते तेव्हाचं सांगते.

आमच्या शहरातल्या एका बागेच्या मागच्या बाजूला मत्स्यालय आहे. बसकी इमारत, आत अंधार, आणि दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या. उजेड असतो तो फक्त पाण्यात. शाळेतली मुलं येतात, काचेला नाकं चिकटवतात, आणि ती गेली की काचेवर नाकांचे ठसे राहतात. ते पुसण्याचं काम टाक्या सांभाळणाऱ्या काकांचं. पूर्वी टाक्यांचे पंप, पाण्यात सोडायची हवा, पाण्याची ऊब हे सगळं काका हाताने बघायचे. मग एका कंपनीने त्यासाठी सॉफ्टवेअर तयार केलं. भिंतीवर एक स्क्रीन बसली, तिच्याखाली काही कळा बसल्या, आणि कुठला पंप कधी चालवायचा ते सॉफ्टवेअर ठरवू लागलं. पण सॉफ्टवेअर काय करतं आणि त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे माणसाला कळायला नको का? त्यासाठी माझा जन्म झाला.

मला लिहिलं ताईने. त्या कंपनीत सॉफ्टवेअर बनवणारे पुष्कळ होते. ते समजावून लिहिणारी ती एकटी. बाकीचे तिच्या कामाला फारसं मोजत नसत. "लिहायचं काय त्यात? आपण बनवलंय ते उतरवून काढायचं," असं ते म्हणत. ताई त्यावर वाद घालत नसे. तिची काम करायची एक पद्धत होती. एक पान लिहून झालं की ती ते घेऊन मत्स्यालयात यायची, काकांच्या एका हातात पाण्याने भरलेली बादली द्यायची, दुसऱ्या हातात पान द्यायची आणि म्हणायची, "काका, आता हे वाचा आणि करा."

काका उभ्या उभ्या वाचायचे. पान वाचताना त्यांनी बादली खाली ठेवली, की ताई ते पान परत घ्यायची.

"अहो ताई, हात भरून आला म्हणून ठेवली हो," काका म्हणायचे.

"मग हात भरून यायच्या आत वाचून होईल असं लिहिते. तुम्ही काम करता ते काय खुर्चीत बसून करता?"

काकांना ह्याची गंमत वाटायची. आपली परीक्षा चालली आहे असं त्यांना वाटायचं, आणि खरं तर परीक्षा माझी चालायची. नापास झालेली पानं ताई फाडून टाकायची आणि पुन्हा लिहायची. अशी एकेक करून माझी पानं जमली. ती तिने कड्यांच्या फाइलमध्ये लावली, म्हणजे हवं तेव्हा पान काढता यावं आणि घालता यावं. मी शाळेच्या वहीएवढी होते. स्क्रीनशेजारच्या खिळ्याला टांगायचे मला. काकांच्या ओल्या बोटांचे डाग माझ्या अंगावर असत, आणि मला त्यांचा अभिमान होता.

माझं पहिलंच पान होतं 'वीज गेल्यावर'. हे पान पहिलं का, तर वीज जाऊन परत आली, तरी पंप आपोआप सुरू होत नसत. मध्ये टाकीचं पाणी खाली उतरलेलं असेल आणि पंप कोरडाच फिरला, तर जळून जाईल. म्हणून सॉफ्टवेअर माणसाची वाट बघत थांबायचं. माणसाने टाकीकडे एकदा बघायचं, पाणी रेघेच्या वर आहे ना ते पाहायचं, आणि हिरवी कळ दाबून धरायची. एवढंच काम. पण ते केलं नाही, तर पाण्यात हवा जात नाही, आणि मासे गुदमरतात. ताईने ते पान मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

आता आत्याबाईची ओळख करून देते. सगळ्यात मोठ्या टाकीत एक म्हातारा, करड्या रंगाचा मासा राहायचा. खरं म्हणजे मादी. अंगाने लांबलचक आणि तोंडाला मिशा. दिवसभर कोपऱ्यात पडून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशी बघायची, की आपले केस विंचरलेले आहेत ना, असं प्रत्येकाला वाटावं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, अशी म्हण आहे ना? काका म्हणायचे, "हिला आहेत मिशा, पण काका मी आधीच आहे. म्हणून ही आत्याबाई." काका सकाळी दार उघडून आत आले की आधी तिच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करत. ती मिशा हलवी. मग त्यांचा दिवस सुरू होई. घरी बायको गेल्यानंतर काकांनी त्या कोपऱ्यापाशी उभं राहून पुष्कळ बोलून घेतलं होतं. त्यातलं काही मी तुम्हाला सांगणार नाही.

ते माझे चांगले दिवस होते. माझ्यासारख्याच बारीक पुस्तिका दुसऱ्या गावांच्या मत्स्यालयांतही गेल्या. आणि त्यातल्याच एका गावाहून एक दिवस फोन आला.

तिथल्या माणसाने टाकी धुवायला अर्धं पाणी उपसलं होतं. पाण्यात बुडालेला हीटर आधी बंद करायचा असतो. तो त्याने केला नाही. कोरड्यावर हीटर तापत राहिला, वरून पुन्हा पाणी आलं तेव्हा फुटला, पाण्यात वीज उतरली, आणि त्या टाकीतला एकही मासा वाचला नाही. हीटर आधी बंद करा, हे वाक्य माझ्यात नव्हतं. लिहिताना ताईने काकांना विचारलं होतं, की हे घालू का? काका हसले होते. "विस्तवातून हात बाजूला घ्या, असं कुणी लिहितं का? हे काय सांगायची गोष्ट आहे?" ताईलाही पटलं होतं.

फोन आल्यावर ताई मत्स्यालयात आली आणि काकांशेजारी स्टुलावर बसून राहिली. काका सारखे म्हणत होते, "चूक माझी आहे, ताई." ती म्हणाली, "लिहिते मी. गाळलं मी." त्या दिवशी आत्याबाईकडे कुणीच पाहिलं नाही. म्हणून सांगते मित्रांनो, जाड पुस्तकांना उगाच नावं ठेवू नका. एक वाक्य कमी पडलं, तर टाकीभर जीव जातात, हे मी जवळून पाहिलं आहे.

ते वाक्य माझ्यात आलं, आणि यायलाच हवं होतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. कंपनीचे साहेब काही वाईट नव्हते; ते घाबरले होते. त्यांनी एक नियम केला. पुस्तिकेत काही घालायचं असेल तर कुणीही घालावं, विचारू नये. पुस्तिकेतून काही काढायचं असेल, किंवा इकडचं तिकडे हलवायचं असेल, तर तिघा अधिकाऱ्यांच्या सह्या लागतील.

मग काय, घालणाऱ्यांना मोकळं रानच मिळालं. कुठे काही बिघडलं की एक नवं पान यायचं. बिघडेल असं कुणाला नुसतं वाटलं, तरी एक पान यायचं. इशारे सगळ्यात पुढे लावायचे, असं ठरलं. 'ही पुस्तिका पाण्यात बुडवू नये.' 'मासे साठवणीसाठी टाकीबाहेर ठेवू नयेत.' 'चित्रातील मासा प्रत्यक्षातील माशापेक्षा वेगळा असू शकतो.' हे वाचून काका एकदा इतके हसले होते, की त्यांना आत्याबाईच्या काचेचा आधार घ्यावा लागला होता. पण ह्या इशाऱ्यांच्या मधेमधे खरेही इशारे होते, जीव वाचवणारे. गर्दीत ते ओळखू येत नव्हते. आणि सगळ्यांच्या वर, लाल चौकटीत, एक मोठा इशारा आला: 'सर्व इशारे पूर्ण वाचल्याशिवाय कोणतीही कळ दाबू नये.'

माझं पहिलं पान मागे मागे सरकत गेलं. आधी मधल्या भागात गेलं, मग मधल्या भागाच्याही मागे. भाषा तपासणाऱ्या समितीला 'वीज गेल्यावर' हे फारच घरगुती वाटलं. त्यांनी ते पान नव्याने छापवलं आणि त्याच्या डोक्यावर नवं नाव घातलं: 'ऊर्जापुरवठा खंडित झाल्यास प्रणालीची पुनःप्रस्थापना'. पोराचं बारशाचं नाव बदलून त्याला पत्ता नसलेल्या घरात ठेवावं, तसं ते झालं.

खिळा मला पेलेनासा झाला, तेव्हा मला कपाटात ठेवलं. तपासणीला मोठी माणसं आली, की मला बाहेर काढायचे. त्यातल्या एकाने माझी जाडी अंगठा आणि बोटाच्या मापाने मोजून पाहिली आणि म्हटलं, "वा, काही म्हणता काही सुटलेलं नाही." मला मानपत्र मिळालं, ते भिंतीवर लागलं. मला कुणी उघडलं नाही. माझं जेवढं कौतुक तेव्हा झालं, तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि जेवढी मी तेव्हा एकटी होते, तेवढीही कधी नव्हते.

ताई नवी पानं लावायला यायची, तेव्हा काकांशी बोलायची. साहेबांपुढे ती भांडून आली होती, हे तिनेच त्यांना सांगितलं.

"मी म्हटलं, बाकीचं सगळं राहू द्या तसंच. एक पान पुढे आणू द्या. एकच."

"मग?"

"साहेब म्हणाले, ताई, पान हलवल्यामुळे काही झालं, तर खाली सही माझी असते. न हलवल्यामुळे काही झालं, तर कुणाचीच नसते."

काकांनी काचेवरचा एक ठसा पुसला. मग म्हणाले, "माणूस खरं बोलला म्हणायचा." ताई हसली नाही. तिने बारीक पुस्तिकेचा कच्चा आराखडा वेगळा करून साहेबांना दाखवला. तो 'विचाराधीन' राहिला. पुढे तिला दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाला लावलं. नवी पानं टपालाने येऊ लागली, आणि ज्याला वेळ होईल तो ती मला टोचून जाऊ लागला.

काकांना आता माझी गरज नव्हती, हेही खरं आहे. वीज जाऊन परत आली की ते टाकीकडे बघत, कळ दाबत आणि पुढच्या कामाला लागत. माझ्या पहिल्या पानातलं सगळं त्यांच्या हातात उतरलं होतं. त्यांनी मला पुढे वर्षानुवर्षं उघडलंच नाही. मी वाढले, हे त्यांना कपाट उघडताना दिसत असे. पण त्यांच्या मनात मी अजून तीच होते, खिळ्याला टांगलेली.

मग काकांच्या डोळ्यांत पडदा वाढू लागला. पाण्यातली रेघ दिसेना. त्यांनी काम सोडलं, आणि व्यवस्थापकांना सांगून आपल्या धाकट्या मुलीला तिथे लावून घेतलं. नेमणूक तात्पुरती होती; काम बरं वाटलं तर कायम करू, असं ठरलं. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. ह्या नोकरीवर तिचा जीव होता. त्याआधी तिने दोन दुकानांत काम केलं होतं, आणि दोन्ही ठिकाणी 'हळू काम करते' म्हणून तिला काढलं होतं. ती हळू नव्हती, ती नीट होती. मोजताना पुन्हा मोजायची, कुलूप लावल्यावर ओढून बघायची.

काकांनी तिला शिकवलं ते मन लावून शिकवलं. कुठला मासा रुसला की काय करतो, काच कशी पुसायची, आत्याबाईच्या काचेवर दोनदाच टकटक करायची, तिसऱ्यांदा केली की ती पाठ फिरवते. सगळं शिकवलं. स्क्रीनचं आलं तेव्हा मात्र त्यांना दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे लेकीपुढे बोलून दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"ते सगळं पुस्तकात आहे," ते म्हणाले. "ताईने लिहिलंय. बादली खाली ठेवायला लागत नाही, असं लिहिते ती. फक्त पहिल्यापासून वाच. मधलं सोडू नकोस."

"बरं, बाबा."

धाकटीने मला कपाटातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. पुष्कळ वर्षांनी माझ्यावरची धूळ कुणी ओल्या फडक्याने पुसली. रोज काम संपलं की ती थोडं थोडं वाचायची. लाल इशारे समजून घेताना कपाळाला आठ्या घालायची. मला तिची माया वाटू लागली होती. आता ही कधीतरी त्या पानापर्यंत येईल, असं मला वाटायचं. पण टपालाने नवी पानं येत होती, ती पुढे लागत होती, आणि ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

तो सुट्टीचा वार होता. मत्स्यालय बंद, आत धाकटी एकटी. उन्हाळा होता, दुपार होती. काकांच्या डोळ्यांची तपासणी त्याच दुपारी होती. वीज गेली. तिच्या कामाच्या दिवसांत ती पहिल्यांदाच गेली होती. दिवे विझले, पंपांची घरघर थांबली, आणि मत्स्यालयात मी कधी ऐकली नव्हती अशी शांतता झाली. ती घाबरली नाही. वीज येईल म्हणून तिने वाट पाहिली. जरा वेळाने वीज आली, दिवे लागले. तिने सुटकेचा निःश्वास सोडला. पण पंप सुरू झाले नाहीत. स्क्रीनवर एवढंच आलं: 'प्रणाली थांबलेली आहे. पुस्तिका पाहा.'

तिने मला उघडलं. लाल चौकट समोर होती. 'सर्व इशारे पूर्ण वाचल्याशिवाय कोणतीही कळ दाबू नये.' दुसरं कुणी असतं तर चिडून चार कळा दाबून मोकळं झालं असतं, आणि त्यातली एक कदाचित बरोबर लागली असती. धाकटी वाचू लागली. तिला कुणीतरी पहिल्यापासून वाच, मधलं सोडू नकोस, असं सांगितलं होतं, आणि ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्यावर तिचा विश्वास होता.

मध्येच तिने काकांना फोन लावला. तो वाजत राहिला. काका डॉक्टरांच्या खोलीत डोळ्यांत औषध घालून बसले होते आणि त्यांचा फोन बाहेर खुंटीवरच्या पिशवीत होता. तिने अनुक्रमणिका काढली आणि 'वीज' शब्द शोधला. तो कुठेच नव्हता. 'ऊर्जापुरवठा खंडित' ह्या ओळीवरून तिचं बोट खाली गेलं, आणि मला ते जाताना कळलं. मित्रांनो, पुस्तकाला हाक मारता येत नाही.

मासे आता पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडझाप करत होते. धाकटीने बादली घेतली. बादलीभर पाणी टाकीतून काढायचं आणि उंचावरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे पाण्यात थोडी हवा मिसळते, हे तिला काकांनी शिकवलं होतं. ती ओतायची, धावत माझ्याकडे यायची, ओल्या हातांनी पान उलटायची, एक इशारा वाचायची, पुन्हा धावायची. शेवटी तिने मला काखेतच मारलं आणि दर बादलीनंतर तिथेच गुडघ्यावर उघडून वाचायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण हसून म्हणतो. त्या दिवशी ती कळसा काखेत घेऊनच फिरत होती, आणि मला हसू येत नव्हतं. तिच्या हातांवरचं पाणी माझ्या पानांवर गळत होतं. 'चित्रातील मासा प्रत्यक्षातील माशापेक्षा वेगळा असू शकतो,' हेसुद्धा तिने वाचलं. एकही ओळ सोडली नाही.

फोन वाजला तेव्हा तो तिच्या ओल्या हातातून निसटला. तिने तो जमिनीवरूनच लाऊडस्पीकरवर घेतला.

"काय गं, एवढे फोन?"

"बाबा, वीज गेली होती. आली, पण पंप बंदच आहेत. मी वाचतेय."

"वाचतेस काय? पाणी रेघेच्या वर आहे का बघ, आणि हिरवी कळ दाबून धर."

तिने पाहिलं. कळ दाबून धरली. घरघर सुरू झाली, आणि सगळ्या टाक्यांत बुडबुडे उठले. लहान मासे हळूहळू खाली गेले. मोठ्या जिवाला हवा जास्त लागते. आत्याबाई तिच्या कोपऱ्यात नव्हती. ती वर आली होती, आणि तिच्या मिशा पाण्याबरोबर हलत होत्या, एवढंच.

काका आले तेव्हा औषधामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं. ते सवयीने मोठ्या टाकीपाशी गेले आणि काचेवर दोनदा टकटक केली. मग थांबले. धाकटीने त्यांच्या हाताला धरलं.

"बाबा, मी वाचत होते."

"हो गं."

"तुम्ही म्हणालात, सगळं पुस्तकात आहे."

"आहेच ना." काका काचेला कपाळ टेकवून उभे राहिले. "आहेच. सगळंच आहे." आणि ते रडले. काकांना रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

चौकशी झाली. व्यवस्थापकांनी धाकटीला विचारलं, "पुस्तिकेत माहिती होती की नाही?" तिने होय म्हटलं. खोटं कशी बोलणार? "मग वाचली का नाहीस?" ती म्हणाली, "वाचत होते." हे उत्तर कुणाला कळलं नाही. माहिती उपलब्ध होती, कर्मचाऱ्याने तिचा वेळेत उपयोग केला नाही, असा निर्णय झाला, आणि तिला कायम करण्यात आलं नाही. कंपनीकडूनही एक गोष्ट आली. माझ्यासाठी एक नवं पान. सगळ्यात पुढे लावायचं. 'ऊर्जापुरवठा खंडित झाल्यास विलंब न करता ही पुस्तिका संपूर्ण वाचावी.'

ते पान लावायला ताई स्वतः आली. काकांनी तिला कळवलं होतं. ती बराच वेळ मोठ्या टाकीसमोर उभी राहिली. मग तिने मला टेबलावर घेतलं आणि उघडलं. माझी पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती तिने नखाने हळूच सोडवली. प्रत्येक पानावर बोटांचे ओले ठसे वाळून राहिले होते. इशारा, ठसा. इशारा, ठसा. एका पानापाशी ठसे संपले. तिथून पुढे सगळं कोरडं. ताई पानं उलटत राहिली, उलटत राहिली, आणि कितीतरी मागे तिला ते सापडलं. कडक, पांढरं, जणू आजच छापलेलं. त्याला कुणाचाही ओला हात लागला नव्हता.

तिने माझ्या कड्या उघडल्या आणि ते पान काढलं. तिघांच्या सह्या लागल्या असत्या. तिने एकही घेतली नाही. वरचं लांबलचक नाव पेनने खोडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वीज गेल्यावर'. पान प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि स्क्रीनशेजारच्या जुन्या खिळ्याला, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं टांगलं. टपालाने आलेलं नवं पान तिने घडी करून पर्समध्ये टाकलं.

तेवढ्यात धाकटी किल्ल्या परत करायला आली. तिचे रबरी बूट आणि डबा आत राहिला होता. बूट एका हातात, डबा आणि पिशवी दुसऱ्या हातात, अशी ती बाहेर निघाली होती, आणि तिची नजर खिळ्याकडे गेली. ती उभी राहिली. वाचलं. हातातलं काहीच तिला खाली ठेवावं लागलं नाही.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच होतं," ताई म्हणाली. तिने पुढे होऊन धाकटीच्या हातातले बूट घेतले, आणि दोघी दारापर्यंत बरोबर गेल्या.

आता तिथे दुसरा माणूस काम करतो. वीज एकदा गेली होती. त्याने खिळ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, कळ दाबली. त्याला वाटलं, हे पान इथे नेहमीच असतं. मोठ्या टाकीतला कोपरा रिकामा आहे. मुलं तिथेही नाक लावून बघतात आणि विचारतात, इथे काय असतं?

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. मी कपाटात आहे, ते ठीक आहे. माझ्यात पुष्कळ गोष्टी आहेत ज्या कधीतरी, कुणाला तरी, खुर्चीत बसून वाचायला लागतील. त्या गाळू नका. तुम्हीही उद्या कुणासाठी काहीतरी समजावून लिहाल. कुणी यंत्राची माहिती लिहील, कुणी आजारी आईच्या उशाशी औषधाची चिठ्ठी लिहील. सगळं लिहा. पण लिहून झालं की, समोरच्या माणसाच्या एका हातात भरलेली बादली आहे आणि टाकीत त्याची आत्याबाई आहे, असं समजून एकदा वाचून बघा. त्याला आधी काय हवं, ते तुम्हाला कळेल.

माझ्या कड्यांत त्या पानाची जागा रिकामी आहे. मला उचललं की तिथून पानं जराशी सैल हलतात. मध्यंतरी कुणीतरी विचारत होतं, हे पान हरवलंय का, दुसरं छापून लावायचं का. नका लावू. ते पान बाहेर आहे, खिळ्यावर, आणि आता त्याच्या पाकिटावरही ओल्या बोटांचे डाग पडू लागले आहेत.